नळी चोक झाली की फेज गेली?

गेल्या उन्हाळ्यात महिन्याभरात दोन प्रसंग घडले आणि लोकांनी दोन्हींना एकच नाव दिलं: अटॅक.

पहिला मामांचा. चोपड्याजवळ त्यांची केळी आहे. सकाळी दहाच्या सुमारास छातीवर खताची गोणी ठेवल्यासारखं झालं, डावा हात जड पडला, बनियन घामाने चिंब. आदल्या रात्री तर्रीदार शेवभाजी झाली होती, तेव्हा निदानही घरीच झालं, "गॅस व्हयना व्हई." सोडा प्याले, ओवा चावला, खाटेवर पडले. बोलत होते, चालत होते, म्हणून कुणाला घाई वाटली नाही. ईसीजी निघाला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

दुसरा अमळनेरकडच्या लग्नातला. बँडपुढे नाचणारा पन्नाशीचा माणूस उभ्या उभ्या कोसळला. "अटॅक उना रे!" कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तोंडात पाणी घालायला धावलं.

मामांना आला तो हार्ट अटॅक. वरातीत झालं ते कार्डिॲक अरेस्ट. आपल्याकडे ठिबक आणि मोटार घरोघरी आहे, त्यामुळे फरक कळायला अवघड नाही. अटॅक म्हणजे लॅटरल, ठिबकची ओळीतली नळी, चोक. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी एखादी नळी बंद पडते आणि तिच्या पुढचा भाग सुकत जातो, पण मोटार चालूच असते. म्हणून माणूस बोलतो, पाणी मागतो, स्वतः गाडीत बसतो. अरेस्टमध्ये बिघाड करंटचा. थ्री फेजमधली एक फेज गेली की मोटार नुसती घुंऽऽ करते, पाणी उचलत नाही. तसं हृदय थरथरतं, रक्त ढकलत नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते.

उपमा एका जागी लंगडी पडते, ते सांगितलंच पाहिजे. ठिबकची नळी क्षाराने हळूहळू तुंबते, ॲसिड सोडलं की मोकळी होते. हृदयाच्या नळीत चरबीचा थर वर्षानुवर्षं साचतो खरा, पण अटॅकच्या दिवशी बहुतेक वेळा तो थर फुटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. म्हणून काल धडधाकट असलेला माणूस आज आडवा होतो. आणि ‘नळ्या धुऊन काढणारा’ काढा विकायला कुणी आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता हातांचं काम. अटॅकची शंका आली तर माणसाला बसवा, चालवू नका आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा नळी आतून फुग्याने उघडणारी अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू वाचतो. शुगरच्या पेशंटला आणि बायकांना छातीत फार न दुखता नुसता दम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ असंही होतं. गॅस की अटॅक हे खाटेवर पडून ठरत नाही, ईसीजीने ठरतं. पहिला नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर डॉक्टर दुसरा काढतात.

अरेस्टमध्ये दवाखाना गाठेपर्यंत वेळच नसतो. हाक मारून, खांदे हलवून माणूस हलत नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पुरे. अधूनमधून घशातून येणारी आचकी श्वास समजू नका. तिथेच बहुतेक लोक फसतात. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. वरातीत एका पाहुण्या नर्सने तेच केलं. लोक तिच्यावरच ओरडले, "बरगडी मोडी जाई!" मोडतेही कधी कधी. ती थांबली नाही. तो माणूस आज फिरतो आहे. सगळ्यांचं नशीब एवढं नसतं.

दोन्हींची गाठ मात्र एका जागी पडते. मोठ्या माणसांत अरेस्टचं मूळ बहुतेकदा याच तुंबलेल्या नळ्यांत असतं, अटॅक चालू असतानाही मोटार बंद पडू शकते. म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा हिशेब एकच. बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर येत असेल तर ‘मला काही होत नाही’ हे उत्तर चालत नाही, कारण ते दुखत नाहीच. वडील-भावाला ५५ च्या आत, आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तपासणी लवकर सुरू करा. बीपी वाढवणाऱ्या मिठाचं म्हणाल तर ज्वारीची साधी भाकरी बिचारी निर्दोष आहे. खरं मीठ पापड, कुरडई, शेव आणि लोणच्यातून जातं. दिवसाचा हिशेब ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. दिवसभर शेतात राबतो म्हणून तंबाखू माफ, असंही काही नसतं.

मामांचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय भरलेल्या रक्तातलं जेवढं पुढे ढकलतं ते, ३५ टक्क्यांवर आलं. आता बांधावर ते दोनदा बसतात. चुन्याची डबी सवयीने अजून खिशात असते; तंबाखूची पुडी मामींनी चुलीत घातली.