‘सवय लागेल, गोळ्या सोड’
डिप्रेशनची गोळी दिसली की आत्या-मावशी काळजीनं म्हणतात, ‘सवय लागेल, सोड.’ हा गैरसमज घातक आहे. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या डिप्रेशनवरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. तलफ येत नाही. एकदम बंद केल्या तर मात्र चक्कर येते, झोप उडते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या, घबराट शांत करणाऱ्या गोळ्यांची, त्या थोडेच आठवडे द्यायच्या असतात. लोक दोन्ही एकच समजतात.

डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते. नेमकी तेव्हाच ‘आता कशाला?’ ही टोचणी सुरू होते! वाद नको. ‘आत्या, डॉक्टरांना विचारूनच कमी करणार,’ एवढं पुरे. आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही.