ब्रेक थरथरतो म्हणजे डिस्क वाकली? बहुधा नाही!

चोर्ला घाट उतरताना जुन्या गाडीचा ब्रेक पायाखाली थरथरला, की बेळगावात वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळतं: 'डिस्क तापून वाकली, बदला.' बहुतेकदा चाकासोबत फिरणारी ही ब्रेकची तबकडी वाकलेली नसतेच. हबवरच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावरच्या, गंजामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला तिची एकच जागा पॅडला (ब्रेक लावताना तिला दाबणाऱ्या पट्टीला) घासते आणि हजारो किलोमीटरनंतर डिस्कची तिथली जाडी कमी होते. ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवू शकतो! म्हणून आधी हब तारेच्या ब्रशने घासा, डायल गेज (डिस्कचा बारीकसा तिरकेपणा मोजणारं घड्याळासारखं यंत्र) लावून बघा, चाकाचे नट समोरासमोरचे सारख्या जोराने आवळा. गंजावरच नवी डिस्क बसवली, तर तेच दुखणं परत येतं. स्टेअरिंग शांत आणि फक्त पेडल हलतं? मग मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक तपासा.