सैन्यदलांतल्या महिलांची बढती नेमकी अडायची कुठे?

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणात, तारकर्ली-सिंधुदुर्ग परिसरात साजरा झाला. त्या सोहळ्यातल्या भाषणात पंतप्रधानांनी नौदलाच्या जहाजावर पहिली महिला कमांडिंग ऑफिसर नेमल्याबद्दल अभिनंदन केलं. ते जहाज आयएनएस त्रिंकट आणि अधिकारी प्रेरणा देवस्थळी. कौतुक रास्तच, पण नौदलात बायका त्याच्या ऐंशी वर्षं आधीपासून होत्या. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीची महिला शाखा किनाऱ्यावरची कामं सांभाळत होती. युद्ध संपलं, शाखाही गुंडाळली.

पुढे १९५७ च्या नौदल कायद्याने दार लावून घेतलं. सरकार अधिसूचना काढेल त्या विभागातच महिला, एरवी नाही. तशी अधिसूचना निघायला १९९१ उजाडलं. लॉजिस्टिक्स, कायदा, शिक्षण एवढंच खुलं झालं आणि तेही शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर. मुदत वाढत वाढत १४ वर्षांवर थांबली. पेन्शनला २० लागतात! बरोबरीचे पुरुष अधिकारी बढतीच्या बोर्डापुढे उभे राहायच्या सुमारास बाईंचा निरोप समारंभ.

दुसरी अडचण कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. गावोगाव बोटीवरची माणसं आहेत. सी टाइम, म्हणजे समुद्रावर काढायचा काळ, भरल्याशिवाय वरचं तिकीट, म्हणजे वरच्या हुद्द्याचा परवाना, मिळत नाही, हे त्यांच्या घरच्यांनाही पाठ असतं. नौदलात जहाजाची कमान मिळायची तर आधी जहाजावर वर्षं काढावी लागतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी महिलांना जहाजावर नेमून पाहिलं, मग जवळपास दोन दशकं ते बंदच. सरकारने कोर्टात दिलेलं एक कारण असं, की काही रशियन बनावटीच्या जहाजांवर महिलांसाठी स्वच्छतागृहं नाहीत. विमानवाहू जहाज चालवणाऱ्या नौदलाला एक संडास बांधणं जड जावं, हे काही पटत नाही. सुप्रीम कोर्टालाही पटलं नाही. मार्च २०२० मध्ये नौदलात, त्याच्या महिनाभर आधी लष्करात, कोर्टाने महिलांच्या पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नोकरीचा, मार्ग मोकळा केला.

खरी मेख त्यानंतर कळली. लष्करात पर्मनंट कमिशनसाठी महिलांच्या कामगिरीचे जुने गोपनीय अहवाल काढले गेले. बाईंना पुढे जायचंच नाही, या समजुतीने वरिष्ठांनी ते वर्षानुवर्षं उरकून टाकलेले. पुरुषांची जी वैद्यकीय कसोटी तरुण वयात झालेली, ती इथे चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना लावली. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने याला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवलं. २०२३ च्या सुरुवातीला खास बोर्ड बसवून शंभरावर महिला कर्नल झाल्या.

तटरक्षक दल मात्र आपलं काम वेगळं आहे, असं म्हणत राहिलं. डॉर्निअर विमान उडवणाऱ्या एका अधिकाऱ्याला १४ वर्षांनी मोकळं केलं. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला अंतरिम आदेशाने परत सेवेत घ्यायला लावलं.