मॅकेलन आणि स्टुअर्ट : ‘शास्त्रीय प्रशिक्षण’ नेमके कोणाचे?

सर इयन मॅकेलन किंवा सर पॅट्रिक स्टुअर्ट यांच्याविषयी मराठीत काही छापून आले, की ‘शास्त्रीय प्रशिक्षण घेतलेले ज्येष्ठ ब्रिटिश अभिनेते’ हे बिरूद पहिल्या परिच्छेदातच भेटते, आणि ते दोघांनाही सारखेच बहाल केलेले असते. एकाच्या मजकुरात दुसऱ्याचे छायाचित्र लागणे ही चूक मी हसून सोडून देऊ शकतो. या बिरुदाकडे मात्र मला कानाडोळा करता येत नाही, कारण त्यामुळे दोघांपैकी एकाची जडणघडण साफ पुसली जाते आणि दुसऱ्याच्या जडणघडणीचे मोल कळेनासे होते.

ज्यांना या दोघांची ओळख केवळ पडद्यावरची आहे, त्यांच्यासाठी सोपा भाग आधी उरकून घेऊ. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांत जादूगार गॅंडाल्फ झाले ते मॅकेलन. ‘स्टार ट्रेक’मध्ये 1987 पासून सात वर्षे कॅप्टन पिकार्ड साकारले ते स्टुअर्ट. 2000 सालच्या ‘एक्स-मेन’मध्ये शिरस्त्राण घालणारा मॅग्नेटो म्हणजे मॅकेलन आणि चाकांच्या खुर्चीतील प्राध्यापक म्हणजे स्टुअर्ट. मॅकेलन 1939 चे, स्टुअर्ट 1940 चे. एक लॅंकशायरचा, दुसरा यॉर्कशायरचा. एकाला 1991 मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, दुसऱ्याला 2010 मध्ये. दोघे जिवलग मित्र आहेत, इतके की 2013 मध्ये स्टुअर्ट यांच्या विवाहाचे पौरोहित्य मॅकेलन यांनी केले. ही माहिती कोणालाही चटकन सापडते आणि तिच्यात गोंधळ झाला तरी फारसे बिघडत नाही.

खरा घोळ शिक्षणाचा आहे. दोघांपैकी नाट्यशाळेत गेले ते फक्त स्टुअर्ट. मॅकेलन यांनी कोणत्याही नाट्यशाळेत एक दिवसही रीतसर शिक्षण घेतलेले नाही.

स्टुअर्ट मर्फील्ड या छोट्या गावातील कष्टकरी घरातले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, स्थानिक वृत्तपत्रात बातमीदारी केली, मग फर्निचरच्या दुकानात विक्रेत्याचे काम केले आणि 1957 मध्ये, जिल्ह्याच्या काउंटी कौन्सिलने दिलेल्या अनुदानावर, ब्रिस्टल ओल्ड विक थिएटर स्कूलमध्ये प्रवेश मिळवला. तेथील दोन वर्षे म्हणजे आवाज, श्वास, देहबोली, तलवारबाजी आणि विशेषतः उच्चार. यॉर्कशायरच्या बोलीत वाढलेल्या मुलाला त्या काळी मान्य असलेले ‘प्रमाण’ इंग्रजी मुखात बसवावे लागले, कारण बोलीभाषिक नटाला राजाची भूमिका मिळण्याची शक्यता तेव्हा जवळजवळ नव्हती. पिकार्डचा जो भारदस्त स्वर आज आपल्याला जन्मजात वाटतो, तो असा घडवलेला आहे. 1959 मध्ये शाळेतून बाहेर पडल्यावर ते लिंकनच्या थिएटर रॉयलमध्ये रुजू झाले.

येथे एक पोटगोंधळही निस्तरायला हवा. ‘ओल्ड विक’ हे नाव दिसताच लेखक स्टुअर्ट यांना थेट लंडनला नेऊन बसवतात. लंडनचे ओल्ड विक हे नाट्यगृह वेगळे. ब्रिस्टल ओल्ड विक ही त्याचीच 1946 मध्ये निघालेली शाखा, आणि स्टुअर्ट शिकले ते त्या ब्रिस्टलच्या कंपनीला जोडलेल्या शाळेत.

आता मॅकेलन. त्यांचे बालपण विगन आणि बोल्टन या गावांत गेले. घरात नाटक पाहण्याची आवड होती, शाळेत व हौशी रंगमंचावर कामे झाली, आणि 1958 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या सेंट कॅथरिन्स कॉलेजात दाखल झाले, तेही इंग्रजी साहित्य शिकायला. केंब्रिजमध्ये अभिनयाची पदवीच नव्हती. होत्या त्या मार्लो सोसायटीसारख्या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळ्या. पुढे नट झालेले डेरेक जेकोबी आणि दिग्दर्शक झालेले ट्रेव्हर नन हे तेथील त्यांचे समकालीन, तर दिग्दर्शनाला जॉर्ज रायलंड्स आणि जॉन बार्टन यांच्यासारखे अध्यापक. शेक्सपियरच्या कवितेतील एकेक ओळ आधी अर्थाने सोडवायची आणि मगच तोंडी घ्यायची, असा या अध्यापकांचा खाक्या होता. बार्टन यांनी बसवलेल्या ‘चौथा हेन्री’मध्ये मॅकेलन यांनी म्हाताऱ्या शॅलोची भूमिका केली, लंडनच्या वृत्तपत्रात तिची प्रशंसा झाली आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोराला नट होण्याचा विचार गांभीर्याने करावासा वाटला. 1961 मध्ये पदवी घेऊन ते कॉव्हेन्ट्रीच्या बेलग्रेड थिएटरमध्ये पगारी नट म्हणून उभे राहिले. (युगोस्लाव्हियातील बेलग्रेड नगराने या नाट्यगृहासाठी लाकूड भेट दिले होते, म्हणून हे नाव. नटाचा आणि युगोस्लाव्हियाचा काही संबंध नाही, हेही एकदा सांगून टाकतो.)

पुढे इप्सविच, मग नॉटिंगहॅम. याला इंग्रज रेपर्टरी म्हणतात, आणि तिचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय मॅकेलन कळणार नाहीत. गावोगावच्या नाट्यगृहांची स्वतःची कायम नटमंडळी असे. रात्री एका नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या नाटकाची तालीम, आणि दोन-तीन आठवड्यांत फलकावरचे नाव बदललेले. आज खुनी, पुढच्या पंधरवड्यात विदूषक, त्यानंतर तिसऱ्या अंकात चार वाक्ये असलेला नोकर. नाट्यशाळा नटाला चुकण्यासाठी बंद दाराची खोली देते. रेपर्टरीत चूक तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर होते आणि दुसऱ्या रात्री तिथेच दुरुस्त करावी लागते. माझ्या मते या पिढीतील इंग्रज नटांचे निम्मे श्रेय या गावगन्ना नाट्यगृहांना द्यायला हवे, आणि ते त्यांना जवळजवळ कधीच दिले जात नाही. स्टुअर्ट यांनाही शाळेनंतर हाच घाट चढावा लागला. फरक इतकाच की ते शिदोरी घेऊन निघाले होते.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की ‘पण मॅकेलन रॉयल शेक्सपियर कंपनीत शिकले ना?’ नाही. रॉयल शेक्सपियर कंपनी ही नाटक कंपनी आहे, शाळा नव्हे. दिग्दर्शक पीटर हॉल यांनी 1961 मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे तिला हे रूप दिले आणि ती तयार नट घेते. त्यातही या कंपनीचा खरा मुरलेला माणूस कोणता, तर स्टुअर्ट : 1966 मध्ये ते तेथे गेले आणि 1982 पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, प्रामुख्याने तेथेच राहिले. मॅकेलन यांचा तेथील मुख्य काळ 1974 ते 1978 एवढाच. त्याआधी ते शेक्सपियरचा ‘दुसरा रिचर्ड’ आणि त्याचा समकालीन नाटककार मार्लो याचा ‘दुसरा एडवर्ड’ ही नाटके घेऊन प्रॉस्पेक्ट कंपनीबरोबर फिरले होते, 1972 मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह नटांनीच चालवलेली ॲक्टर्स कंपनी काढली होती, आणि पुढे 1990 मध्ये गाजलेला ‘तिसरा रिचर्ड’ केला तो नॅशनल थिएटरमध्ये. नॅशनल थिएटर आणि रॉयल शेक्सपियर कंपनी या दोन स्वतंत्र संस्था आहेत, एकीच्या दोन शाखा नव्हेत.

आपल्याकडे हा घोळ का होतो, हे मला समजू शकते. मराठी वाचकाच्या मनात अभिनयशिक्षण म्हटले की दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय येते, आणि 1962 ते 1977 या काळात त्याला शिस्त लावणारे इब्राहिम अल्काझी, ज्यांचा जन्म पुण्याचा, स्वतः लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकलेले होते. तेव्हा नामवंत इंग्रज नट म्हणजे त्याच अकॅडमीचा किंवा तशाच एखाद्या शाळेचा, असे गृहीत धरले जाते. त्यात भर पडते ती ‘शास्त्रीय’ या भाषांतराची. आपल्या कानांना ‘शास्त्रीय’ म्हटले की गायन आठवते : गुरू, घराणे, रागाचे नियम, वर्षानुवर्षांचा रियाज. इंग्रजी प्रयोगात तसले काही अभिप्रेत नसते. तेथे ‘क्लासिकल’ हे विशेषण शैलीचे नसून संहितेचे आहे. शेक्सपियर, मार्लो, ग्रीक शोकांतिका अशा अभिजात नाटकांतील भाषा पेलण्याची ज्याची तयारी झाली आहे, तो नट, मग ती तयारी शाळेत झालेली असो वा रंगमंचावर. म्हणून मी आग्रहाने ‘अभिजात नाटकांच्या तालमीत तयार झालेला’ असे लिहितो. आपला ‘तालीम’ हा शब्द शिक्षण आणि प्रयोगाची पूर्वतयारी हे दोन्ही अर्थ सहज सामावून घेतो, आणि तो दोघांनाही खोटे न बोलता लावता येतो.

दोघांच्या वाटा एका माणसापाशी मात्र एकत्र आल्या. केंब्रिजमध्ये मॅकेलन यांना घडवणारे जॉन बार्टन पुढे रॉयल शेक्सपियर कंपनीचे आधारस्तंभ झाले आणि 1978 मध्ये त्यांनी स्टुअर्ट यांच्याकडून ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला शायलॉक करून घेतला. शेक्सपियरची कविता नटाने कशी बोलावी, यावर बार्टन यांनी 1980 च्या दशकात जी दूरचित्रवाणी मालिका केली, तिच्यात हे दोघेही दिसतात. ती पाहताना शाळेत गेलेला कोणता आणि न गेलेला कोणता, हे ओळखता येत नाही.

तरी फरक उरतोच, आणि तो पाहायचा तर ‘मॅकबेथ’मध्ये पाहावा. मॅकेलन यांनी 1976 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या छोट्या रंगमंचावर ट्रेव्हर नन यांच्या दिग्दर्शनाखाली, जुडी डेंच यांच्यासोबत, हे नाटक केले. स्टुअर्ट यांनी 2007 मध्ये चिचेस्टरला, रुपर्ट गूल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली. दोन्ही प्रयोग चित्रित झालेले आहेत. स्टुअर्ट यांचा आवाज ओळ अखंड वाहून नेतो. मॅकेलन तीच ओळ शब्दाशब्दाला थांबवून तपासतात, आणि मला व्यक्तिशः त्यांची ही संशयी रीत अधिक आवडते. स्टुअर्ट यांनीच सांगितलेली गोष्ट अशी, की मॅकबेथ करण्यापूर्वी त्यांना मॅकेलन भेटले आणि ‘उद्या, आणि उद्या, आणि उद्या’ या प्रसिद्ध स्वगताविषयी एकच सूचना देऊन गेले : त्या ओळीतला महत्त्वाचा शब्द ‘उद्या’ नाही, ‘आणि’ आहे.