'गेलो' की 'गेले', आणि त्याआधीचं बरंच काही

माझी मावशी धायरीत बचत गट बघते. गटातल्या एका मुलीने इंग्लिशमध्ये लिहिलेला रिपोर्ट तिने एका अॅपवर मराठीत करून घेतला तर आलं काय, 'मी बँकेत गेलो होतो'. सगळ्या बायका, आणि वाक्य पुरुषाचं! इंग्लिशमधल्या 'आय वेन्ट'मधून बाई की पुरुष ते कळत नाही, मराठीत मात्र गेलो किंवा गेले ठरवावंच लागतं, मग मशीनने जे जास्त वाचलंय तेच ते उचलतं.

आता जास्त लिहिलं कोणी, तर ज्यांना आधी शाळा मिळाली त्यांनी. आपल्या पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ चं, आणि त्यानंतर इतकी वर्षं जाऊनही १९७४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीच्या इंजिनिअरच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं तेव्हा कुठे इंटरव्ह्यू झाला आणि त्या पुण्याच्या कारखान्यात लागल्या. मला हे पोस्टकार्ड फार मोठं वाटतं.

मग १९९१. कर्वेनगरला कर्व्यांच्याच संस्थेने मुलींसाठी कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं, आणि त्याच वर्षी इथल्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर आणला. तिथून आयटीत किती मुली गेल्या ते हिंजवडीच्या कुठल्याही बसमध्ये दिसतं.

आणि इथेच मला खरा राग येतो. २०१८ मध्ये बातमी आली की अॅमेझॉनने रेझ्युमे निवडायला एक एआय बनवून बघितलं होतं, ते शिकवलं आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून, अर्ज बहुतेक पुरुषांचे, तर ते 'विमेन्स' शब्द दिसला की मार्क कापायला लागलं, आणि मुलींच्या दोन कॉलेजांमधून शिकलेल्यांनाही खाली टाकायला लागलं. म्हणजे दार उघडावं म्हणून जे कॉलेज काढायचं त्याच्याच नावाने परत दार लावायचं! ते टूल कंपनीने बंद केलं. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांनी दाखवलं की चेहरा बघून बाई की पुरुष सांगणारी सॉफ्टवेअर्स सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत चुकतात, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के.

आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के निघाल्या, पुरुष ५७.१ टक्के. ज्या ऑनलाइन नाहीतच त्यांची भाषा मशीनकडे जाणार कुठून? सरकारच्या भाषिणीत, म्हणजे भारतीय भाषांच्या भाषांतराच्या प्रकल्पात, 'भाषादान' म्हणून सोय आहे, कोणीही आवाज देऊ शकतं. मावशीला मी लावून दिलं. पण त्यातल्या 'बोलो' या भागात समोर आलेलं वाक्यच वाचायचं असतं, आवाज हिचा आणि वाक्य दुसऱ्याचं, म्हणून आता ती 'लिखो'मध्ये भाषांतरं करायची म्हणतेय, तिथे 'गेले' लिहिता येतं.