संधिज्वरजन्य हृद्‌झडपविकार, किशोरवयीन

लहानपणी किंवा किशोरवयात संधिज्वर होऊन गेल्यावर हृदयाच्या झडपांवर जे कायमचे व्रण राहतात, त्यांतून उद्भवणाऱ्या विकारास संधिज्वरजन्य हृद्‌झडपविकार म्हणतात. महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) झडपेला तीनऐवजी जन्मतः दोनच दले असणे हेही या वयातील झडपविकाराचे एक कारण आहे. परंतु भारतात जन्मानंतर जडणाऱ्या झडपविकारांत किशोरांपुरता संधिज्वराचाच वाटा सर्वांत मोठा आहे.

‘अ’ गटातील मालागोलाणू (स्ट्रेप्टोकॉकस) या जंतूंमुळे घसा सुजतो, तो बरा होतो आणि साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांनी ताप, एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज व हृद्‌दाह (हृदयाची सूज) ही लक्षणे दिसू लागतात. हा ताप म्हणजेच संधिज्वर; तो प्रामुख्याने ५ ते १५ या वयोगटात येतो. सांध्यांची सूज मागे काही न ठेवता ओसरते, त्यामुळे मूल बरे झाले असे घरच्यांना वाटते. झडपेची इजा मात्र अनेकदा मागे राहते आणि ताप पुन्हा उलटला की वाढते.

जंतू घशात असताना इजा झडपेला का व्हावी, याविषयी मतभेद आहेत. प्रचलित मतानुसार जंतूच्या पृष्ठभागावरील एम प्रथिन व त्याच्या भित्तिकेतील शर्करा यांचे हृदयातील प्रथिनांशी साम्य असल्याने जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे व लसीका पेशी (संरक्षक पांढऱ्या पेशी) स्वतःच्याच ऊतींवर उलटतात. यावर मुख्य आक्षेप असा की, ज्या मायोसिनाशी हे साम्य प्रथम दाखवले गेले ते हृद्‌स्नायूत असते, झडपेत नव्हे; लॅमिनिन हे झडपेच्या अस्तरालगतचे प्रथिन पुढे करून त्याचे उत्तर दिले जाते. दुसऱ्या मतानुसार साम्याची गरजच नाही. एम प्रथिन चौथ्या प्रकारच्या कोलॅजेन या ऊतींना आधार देणाऱ्या प्रथिनाला चिकटते आणि शरीर त्या कोलॅजेनविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करते. पहिल्या मताला पुरावा अधिक आहे; तथापि दोन्ही प्रक्रिया जोडीने घडत असाव्यात, हे अधिक संभवनीय दिसते. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजात घसादुखी विरळ व त्वचेचे संसर्ग विपुल आढळल्याने, त्वचेवरील जंतूही संधिज्वरास कारण होत असावेत, असा तर्क तेथील काही संशोधकांनी मांडला आहे. दाटीवाटीची वस्ती हे पोषक कारण असल्याबद्दल मात्र दुमत नाही.

निदानासाठी अमेरिकन वैद्य टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये सांगितलेले निकष वापरतात. २०१५ च्या सुधारणेत प्रतिध्वनी हृद्‌चित्रणास, म्हणजे इकोला, त्यांत स्थान मिळाले. त्यामुळे स्टेथोस्कोपला न कळणारी गळतीही (झडप नीट न मिटल्याने रक्त मागे जाणे) आता जमेस धरतात. किशोरवयात द्विदली झडपेची (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडपेची) गळती अधिक आढळते. ही झडप आकसण्यास पुष्कळदा दशके लागतात, पण भारतात विशीच्या आतही तीव्र आकुंचन होऊ शकते, याकडे हृद्रोगतज्ज्ञ एस. बी. रॉय व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये लक्ष वेधले.

दीर्घकालीन उपचाराचा कणा म्हणजे दर तीन ते चार आठवड्यांनी दिले जाणारे बेंझाथीन पेनिसिलिनाचे इंजेक्शन. ते झडप दुरुस्त करीत नाही, तर पुन्हा येणारा संधिज्वर टाळते. झडपेत दोष राहिला असल्यास शेवटच्या तापापासून १० वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांपैकी जो काळ अधिक असेल तोवर ते घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. युगांडातील ८१८ मुलांवरील चाचणीत, सुप्तावस्थेतील (लक्षणे नसलेला, केवळ इकोत दिसणारा) विकार इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांत दोन वर्षांत बळावला. बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागात जाताना इंजेक्शनात खंड पडतो, तो पडू देऊ नये. दातांची निगाही तितकीच आवश्यक आहे, कारण हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू सदोष झडपेवर वस्ती करतात.

आकसलेली द्विदली झडप रक्तवाहिनीतून नेलेल्या फुग्याने रुंदावता येते. गळती तीव्र असल्यास झडप शक्यतो दुरुस्त करतात, अन्यथा बदलतात. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली व १९९० मध्ये प्रथम बसवलेली कृत्रिम यांत्रिक झडप भारतात वापरात आहे. यांत्रिक झडपेबरोबर रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन आजन्म घ्यावे लागते व त्यासाठी रक्ततपासणी नियमित करावी लागते. हे औषध गर्भास अपायकारक ठरू शकत असल्याने, मुलींच्या बाबतीत कोणती झडप बसवावी हे ठरवतानाच त्याचा विचार करावा लागतो. झडप बदलल्यानंतरही पेनिसिलिनाचे इंजेक्शन थांबवता येत नाही, कारण उरलेल्या झडपांना संधिज्वराचा धोका तसाच असतो.