झुडपी जंगल आणि ओमचा नियम

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाला वनजमीनच मानलं. नागपुरातल्या आमच्या चहाच्या टपरीवर तेव्हा एकच सूर होता: बोरी-बाभळीच्या त्या खुरट्या तुकड्यांना जंगल कोण म्हणेल? याचं उत्तर शाळेच्या विज्ञानात आहे, ओमच्या नियमात: रोध, म्हणजे अडथळा, जितका जास्त तितका विजेचा प्रवाह कमी.

वाघ, चितळ, कोल्हा यांना विद्युतप्रवाह समजा आणि जमिनीला तार. सागाच्या रानात रोध कमी, कपाशीच्या वावरात जास्त, चौपदरी रस्त्यावर तर विचारूच नका. ब्रॅड मॅक्रे या अमेरिकी शास्त्रज्ञाने 2006 मध्ये ही कल्पना मांडली. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला रोध द्यायचा, एका जंगलातून प्रवाह सोडायचा आणि दुसऱ्यातून काढायचा.

दोन जंगलांना जोडणारा 10 रोधाचा एकच पट्टा असेल तर एकूण रोध 10. तसाच आणखी एक समांतर राखला की 5. आता 20 रोधाचा, झुडपांचा एक रडका पट्टा जोडा. समांतर रोधांच्या सूत्राने 1/10 + 1/10 + 1/20 = 1/4, म्हणजे रोध 4. 'सर्वांत सोपी वाट' तेवढी शोधणाऱ्या जुन्या हिशेबात या तिसऱ्याची किंमत शून्य. पण उद्या एक चांगला पट्टा लेआउटखाली गेला, तर याच्या जिवावर रोध 6.7 च्या आसपास थांबतो. तो नसता तर पुन्हा 10.

चिंचोळ्या जागी प्रवाह दाटतो, म्हणून जमीन राखताना पहिला मान अशा जागेचा. ती गेली तर लाखो रोपांच्या घोषणांनी भरून निघत नाही.

पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग 44 वर अशाच दाटलेल्या जागी रस्ता उचलला. खालून जायला नऊ वाटा, सर्वांत रुंद 750 मीटरची. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही आले.

शहराजवळचे तुकडे इतके नशीबवान नाहीत. माघात उमरेड रोडला एका लेआउटमागे असाच एक पाहिला. पळसाची तीन खोडं, बोरीची जाळी, तिच्यातून गेलेली वीतभर वाट. वाटेवर बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा, बहुधा कोल्ह्याची. आणि तिला अगदी खेटून, चुन्याने आखलेली प्लॉटची रेघ.